पलंगावरचा गिअरबॉक्स

गांगुर्ड्यांच्या बाहेरच्या खोलीत एकच पलंग होता आणि त्यावर गिअरबॉक्स झोपत असे. गांगुर्डे खाली, सतरंजीवर.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो नळाला पाणी का नाही हे विचारायला. दारातून पाहिलं तर पलंगावर चादर पांघरून कोणीतरी पडलेलं. मी आवाज खाली आणला आणि विचारलं, "घरात कोणाला बरं नाही का?"

"दुसरा गिअर सुटतो," गांगुर्डे म्हणाले आणि त्यांनी चादर बाजूला केली.

खाली ओतीव लोखंडाची एक काळी पेटी होती. तिच्या एका बाजूने दांडा निघाला होता, दुसरीकडे भोक होतं आणि भोकात जुनं फडकं कोंबलेलं होतं. एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी असावं तसं शेजारी स्टुलावर तेलाचं भांडं होतं.

"पण पलंगावर का?"

"खाली ठेवला तर वाकावं लागतं. टेबलावर ठेवला तर टेबल मोडतं. चादर धुळीसाठी. धूळ म्हणजे याचा वैरी."

"आणि तुम्ही खाली झोपता?"

"मला धूळ चालते."

आतून विमलवहिनींचा आवाज आला, "विचारा ना त्यांना, पलंग कोणाच्या माहेरचा आहे ते!"

"कायदा दाखव," गांगुर्डे स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. "पलंगावर माणसानंच झोपावं असा एखादा कायदा असेल तर दाखव. लगेच उतरवतो."

'कायदा दाखवा' हे त्यांचं पेटंट वाक्य. भाजीवाल्याला, कारखान्यातल्या साहेबाला, लग्नात आहेराचा आग्रह करणाऱ्या पाहुण्यांना, सगळ्यांना ते हेच ऐकवत. बहुतेकांकडे कायदा नसे. असला तरी वेळेवर सापडत नसे.

गांगुर्डे आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून मी रोज बसतो, एखादा परिच्छेद लिहितो आणि थांबतो. माझ्या प्रत्येक विधानाला हरकत घेणारा माणूस गेल्यामुळे माझी विधानं फार सहज खरी ठरू लागली आहेत. त्याची सवय व्हायला वेळ लागेल.

आम्ही सातपूरला एका कामगार सोसायटीत समोरासमोर राहत होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. गांगुर्डे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते आणि मी गंगापूर रोडवरच्या एका ग्रंथालयात. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मला ते 'वाचनालय' म्हणत. "काय वाचनालय, आज लवकर?" किंवा "या वाचनालय, चहा घ्या." बाकीच्या माणसांची विभागणी त्यांनी गिअरमध्ये केली होती. अमका टॉप गिअरचा, म्हणजे उतारावर शूर. तमका रिव्हर्सचा, त्याला काहीही विचारा, तो सांगणार की आमच्या वेळी असं नव्हतं. आणि सोसायटीचे चेअरमन पिंगळे म्हणजे न्यूट्रल. "इंजिन चालू, धूर चालू, आवाज तर बघूच नका. गाडी आहे तिथंच."

चेअरमन पिंगळ्यांचंही गांगुर्ड्यांविषयी मत होतं. ते त्यांनी कमिटीच्या सभेत मांडलं होतं: सोसायटीच्या आवारात, पिंपळाशेजारी, ताडपत्रीखाली जे भंगार आहे ते हलवण्यात यावं.

त्या ताडपत्रीखाली गांगुर्ड्यांची मोटार होती. म्हणजे व्हायची होती. मोडीत निघालेल्या एका जीपची चेसिस त्यांनी कागदपत्रांसकट घेतली होती. इंजिन एका जुन्या टॅक्सीचं होतं. दारं लोखंडी कपाटाच्या पत्र्याची होती, त्यामुळे एका दारावर आरसा लावायची जागा आयतीच मिळाली होती. पुढचे दोन दिवे दोन वेगवेगळ्या वाहनांचे होते, एक मोठा आणि एक लहान. समोरून पाहिलं की गाडी आपल्याकडे जरा संशयाने बघते आहे असं वाटे. सगळं जमलं होतं. फक्त गिअरबॉक्स नव्हता. तो जुन्या बाजारात मिळाला आणि गांगुर्ड्यांनी तो सिटी बसमधून आणला.

कंडक्टर म्हणाला होता, "हे असलं सामान बसमधे चालत नाही."

"कायदा दाखवा."

कंडक्टर हुशार होता. त्याने खिडकीवरच्या नियमांच्या पाटीकडे बोट केलं. गांगुर्ड्यांनी ती पाटी सगळ्या बसला ऐकू जाईल अशी वाचली. ज्वालाग्राही पदार्थ, दुर्गंधीयुक्त वस्तू, जिवंत प्राणी. "यातलं हे काय आहे ते तुम्ही सांगा. मी उतरतो." बस सातपूरला पोचेपर्यंत कंडक्टर ठरवत होता. तोवर गिअरबॉक्सने गांगुर्ड्यांच्या पँटवर तेलाचा मोठा डाग पाडला होता. ती पँट त्यांनी फेकली नाही. कोणी विचारलं की डागावर बोट ठेवून सांगत, "या बाजूचं सील गेलेलं होतं. बाजारात कळलं नव्हतं, बसमधे कळलं."

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, ते सगळ्या सोसायटीला माहीत होतं. गांगुर्डे काही लपवून ठेवणारे नव्हते.

निफाडच्या बाजूला त्यांचं गाव होतं. गावात त्यांची आई एकटी राहत होती. तिला ते माय म्हणत. गावाची एक पुढची गल्ली होती. वेशीतून आत शिरलं की दोन्ही बाजूंना थोरल्या आळीतल्या लोकांचे मोठमोठे ओटे आणि शेवटी चावडी. मायचं घर गावाच्या पार मागे होतं. तिच्या सासूने आणि तिने आयुष्यभर मागची पांद, म्हणजे बांधांमधली कच्ची वाटच धरली. पावसाळ्यात पांदीत गुडघाभर चिखल असे, तरी पांदच. पुढे दिवस बदलले. गांगुर्डे पुढच्या गल्लीतून शीळ घालत जाऊ लागले. कोणी काही बोलत नसे. पण माय पांदीनेच जायची.

नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराचे पेढे घेऊन ते गावी गेले आणि तरुणपणाच्या भरात म्हणाले, "माय, एक दिवस माझ्या स्वतःच्या गाडीत बसवून तुला पुढच्या गल्लीतनं नेईन."

"पोरं बोलतात तसं बोललो मी," ते मला सांगत होते. "म्हातारीनं खरं धरलं. आता ती ऐकत नाही."

कारण मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, अजून पिकू द्या, पण दिवाळीच्या पुढे जाऊ देऊ नका, मग हाती काही राहणार नाही. आणि माय म्हणत होती, आता ऑपरेशनला येईन तर लेकाच्या गाडीतनंच येईन. तपासणीला ती एसटीने आली ती शेवटची.

विमलवहिनी एकदा स्वतः गावी जाऊन आल्या. टॅक्सी करून आणते म्हणाल्या. परत आल्या त्या कपाळाला हात लावून. "त्या काय म्हणाल्या माहितीये? 'भाड्याची गाडी दारापुढनं गेली तर लोक डायवरला इचारतात कोनाची हाय म्हणून. माझ्या लेकाची हाय असं मला सांगायचं हाय.' आता बोला! हे एक तिरपागडं आणि त्या दुसऱ्या. मधल्यामधे डोळे जातील त्यांचे."

नवी गाडी घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. पैशाची बात तर वेगळीच. तेव्हा एका बाजूला मोतीबिंदू पिकत होता आणि दुसऱ्या बाजूला पलंगावर गिअरबॉक्स उघडा पडला होता. दोघांत आधी कोण तयार होतं, एवढाच प्रश्न होता.

"डॉक्टरला सांगून ठेवलंय," गांगुर्डे म्हणत. "माझी पेटी आधी होणार."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हसले. हसायला काय, त्यांना रोज नवे डोळे मिळतात."

ही पेटी दुरुस्त करण्याचं काम पावसाळाभर चाललं. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. ग्रंथालयातून आलो की मी सायकल लावायचो आणि गांगुर्डे समोरून हाक मारायचे, "वाचनालय, हात धुवून या." इतर लोक काम झाल्यावर हात धुतात. मी आधी धूत असे. माझे हात स्वच्छ असतात, हीच माझी पात्रता होती.

पेटी उघडली तेव्हा त्यांनी आतली चाकं एकेक करून वर्तमानपत्रावर मांडली आणि डोळे मिटून प्रत्येक दातावरून बोट फिरवलं. मग दंतवैद्याच्या गांभीर्याने म्हणाले, "दात शाबूत आहेत. हिरड्या गेल्यात." हिरड्या म्हणजे आतल्या पितळी कड्या. त्या झिजल्या की चाकं एकमेकांना नीट धरत नाहीत आणि चढावर बरोबर दुसरा गिअर सुटून दांडा आपला आपण मागे येतो. तशा कड्या बाजारात मिळेनात. गांगुर्डे सुटीच्या दिवशी सातपूरच्या पत्र्याच्या शेडांमधून हिंडले. प्रत्येक लेथवाल्याने सांगितलं की असली बारीक खाच इथे होणार नाही, पुण्याला पाठवा. शेवटी एकाला त्यांनी इतकं चिडवलं की त्याने रागाच्या भरात करून दिली.

मग बेअरिंगं. नवं बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसतं. हातोडीने ठोकलं तर खराब होतं. म्हणून ते तेलात गरम करतात. गरम झालं की लोखंड जरा पसरतं आणि अलगद सरकून बसतं. हे मला तेव्हाच कळलं, कारण त्या दिवशी गांगुर्ड्यांच्या घरातून तळणाचा वास आला आणि पाठोपाठ वहिनी बाहेर आल्या.

"चकल्यांची कढई आहे माझी! त्यात बेअरिंगं तळतोय हा माणूस!"

"तेल माझं आहे," आतून आवाज आला.

"कढई कोणाची?"

"कढई पण तुझ्या माहेरची? मग त्यांनी गिअरबॉक्स का नाही दिला?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिकलेले ना? तुम्ही तरी सांगा." मी काही सांगायच्या आत गांगुर्डे चिमट्यात धरलेलं, धूर सोडणारं बेअरिंग घेऊन पळत बाहेर आले. "बाजूला व्हा, थंड होतंय!" आम्ही बाजूला झालो. बेअरिंग शाफ्टवर टाकलं आणि 'टक' असा लहानसा आवाज करून ते जागेवर जाऊन बसलं.  वहिनींनी वाकून पाहिलं. "बसलं?" "बसलं." "मग दुसरं कधी तळायचंय?" त्या म्हणाल्या आणि आत जाऊन कढईतलं तेल हलवू लागल्या. कढई नंतर कायमची पेटीच्या नावे झाली. वहिनींनी दिवाळीसाठी नवी घेतली आणि ती कुलपात ठेवली.

माझी खरी परीक्षा सुयांची होती. एका चाकाच्या पोटात काडेपेटीच्या काड्यांएवढ्या पोलादी सुया गोल उभ्या कराव्या लागतात. ग्रीसमध्ये एकेक चिकटवायची. शेवटची बसली की सगळ्या एकमेकींना धरून उभ्या राहतात, तोवर पडतात. गांगुर्ड्यांची बोटं जाड, म्हणून हे काम माझ्याकडे. पुस्तकाची फाटकी पानं चिकटवण्याची सवय होती, जमलं. पण शेवटी एक सुई कमी पडली. पलंगाखाली पाहिलं, सतरंजी झटकली, माझे खिसे तपासले. गांगुर्डे एकदम माझ्या अंगावर आले. "वाचनालय, तुम्ही ती पुस्तकात खूण म्हणून ठेवली असेल!" तेवढ्यात वहिनी तांदळाचं ताट घेऊन आल्या. तांदूळ निवडता निवडता खडा म्हणून त्यांनी सुई बाजूला काढली होती. "हा तुमचाच खडा का बघा."

पेटी बंद केली, बोल्ट आवळले, आणि बशीत एक लोखंडी कडी उरली.

आम्ही दोघं त्या कडीकडे पाहत बसलो.

"ही कशाची?" मी विचारलं.

"जास्तीची."

"जास्तीची असते?"

"कंपनीवाले टाकतात उगीच. तीन चाकं, इतके दांडे, त्यात ही कशाला? कायदा दाखवा."

कायदा कोण दाखवणार? ती आत नसेल तर काय होतं ते पेटीच दाखवणार होती. गांगुर्डे जेवले, हात धुतले, एक फेरी मारून आले. नंतर त्यांनी पाना उचलला आणि सगळे बोल्ट परत काढायला बसले. मी हात धुवायला गेलो.

इकडे कमिटीने पक्का ठराव केला होता. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत वाहन स्वतःच्या शक्तीने फाटकाबाहेर जाऊन आलं तर ते वाहन समजलं जाईल. नाही गेलं तर ते भंगार समजून भंगारवाल्याला बोलावण्यात येईल. चेअरमननी तर भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो रोज येताजाता ताडपत्री उचलून पाही आणि म्हणे, "काका, दिवे वेगळे काढून ठेवा भो, त्याचा भाव वेगळा."

पेटी गाडीखाली बसली. पण ती जुळवताना एक अडचण आली. पेटीपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट वाकडा येत होता. गांगुर्ड्यांनी विचार केला आणि मागचा सगळा धुरा, चाकांच्या मधला गोळा आणि आतली दातेरी चाकं यांच्यासकट, उलटा करून बसवला. शाफ्ट सरळ झाला. ते समाधानाने गाडीखालून बाहेर आले. "डोकं लागतं याला," म्हणाले.

दसऱ्याला गांगुर्डे पतिपत्नी सकाळी पांढरेशुभ्र कपडे घालून विहारात जाऊन आले. दुपारी सोसायटीत सगळ्यांच्या सायकली, स्कुटरी धुवून झाल्या, झेंडूच्या माळा चढल्या. संध्याकाळी सगळी सोसायटी आवारात जमली. भंगारवाला हातगाडीसह फाटकाशी उभा होता. चेअरमन पिंगळे, माणूस वाईट नव्हे, नारळ घेऊन आले होते. "काय असेल ते असो, आधी नारळ फोडू."

"माझ्या गाडीवर नको," गांगुर्डे म्हणाले. "पत्रा पातळ आहे."

"अहो, चाकासमोर फोडतात."

"तुम्हाला फोडायचा तर तुमच्या स्कुटरसमोर फोडा. खोबरं आम्ही खाऊ."

गाडीचं तोंड फाटकाकडे होतं. मागे चेअरमनच्या जास्वंदीच्या कुंड्या होत्या. मी गांगुर्ड्यांच्या शेजारी बसलो. इंजिन एकदा शिंकलं आणि चालू झालं. टाळ्या पडल्या. गांगुर्ड्यांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. तो लोण्यात सुरी जावी तसा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पावसाळाभरचं सगळं होतं. मग क्लच सोडला.

गाडी दिमाखात मागे गेली.

पहिली कुंडी फुटली तेव्हा लोक हसले. दुसरी फुटली तेव्हा चेअरमन ओरडले, "अहो गांगुर्डे, पुढं! पुढं!"

"पुढंच घेतोय!" गांगुर्डे खिडकीतून ओरडले आणि त्यांनी दुसरा गिअर टाकला. गाडी आणखी वेगाने मागे गेली.

ब्रेक लागला.  भंगारवाल्याने हातगाडी जरा पुढे सरकवली. गांगुर्डे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. शाफ्ट, गोळा, उलटा, म्हणजे चाकंही उलटी, असं काहीतरी ते मनात फिरवत होते. एकदम त्यांनी मान वर केली, दांडा रिव्हर्सला टाकला आणि क्लच सोडला.

गाडी पुढे निघाली. हळू, कण्हत, पण सरळ. गर्दी दुभंगली. पिंपळ मागे गेला, भंगारवाला बाजूला झाला, फाटक आलं आणि गेलं. रस्त्यावर जाऊन गांगुर्ड्यांनी गाडी थांबवली, दांडा पहिल्यात टाकला आणि उलट्या तोंडाने फाटकातून आत आणून पिंपळाखाली उभी केली.

"हे चालणार नाही," चेअरमन म्हणाले. ते घामाघूम झाले होते. "रिव्हर्स टाकून पुढे जाते, म्हणजे काय? याला वाहन म्हणत नाहीत."

गांगुर्डे उतरले. पांढऱ्या सदऱ्यावर काळा पट्टा उमटला होता. "स्वतःच्या शक्तीनं फाटकाबाहेर गेली?"

"गेली. पण…"

"आत आली?"

"आली, पण…"

"कोणत्या गिअरमधे जावं हे ठरावात आहे? कायदा दाखवा, चेअरमनसाहेब."

चेअरमननी ठराव परत वाचला. मग हातातला नारळ त्यांनी खरोखरच स्वतःच्या स्कुटरसमोर फोडला. खोबरं गांगुर्ड्यांनी वाटलं. सर्वांत मोठा तुकडा भंगारवाल्याला दिला. फुटलेल्या कुंड्यांच्या बदल्यात वहिनींनी दुसऱ्या दिवशी दोन नव्या आणून ठेवल्या.

धुरा काढून पुन्हा सुलटा बसवला, शाफ्टची वेगळी सोय केली, आणि गाडीला तीन गिअर पुढचे आणि एक मागचा, असा जगासारखा क्रम आला. तपासणीच्या इन्स्पेक्टरने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, एका दिव्याकडून दुसऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही नक्की कोणत्या कंपनीची म्हणायची?" गांगुर्डे म्हणाले, "सातपूरची." ब्रेक लागत होते, दिवे लागत होते, कागद बरोबर होते. गाडी पास झाली.

दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी आम्ही निघालो. पुढे गांगुर्डे, मागे विमलवहिनी आणि मी. वहिनींनी मांडीवर डबा घेतला होता आणि पायाशी पाण्याचा डबा होता, तो इंजिनसाठी. निफाडपर्यंत दोनदा थांबलो. गांगुर्ड्यांनी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मनातल्या मनात भांडणाची तयारी केली होती हे मला दिसत होतं. मधूनच ते म्हणत, "कोणी विचारलं ना, कोणाची गाडी म्हणून…" आणि वाक्य अर्धवट सोडून हॉर्न वाजवून पाहत. कितीतरी वर्षांची उत्तरं ते बरोबर घेऊन निघाले होते.

गाडी आधी मागच्या अंगाने मायच्या घरापर्यंत नेली. माय दारात तयार बसली होती. धुतलेलं नऊवारी लुगडं, हातात काठी. लहानखुरी बाई. तिने गाडीला हात लावला, पत्र्यावरून, दिव्यांवरून, दारावरच्या आरशावरून हात फिरवला. दोन दिवे लहानमोठे आहेत हे तिच्या बोटांनी लगेच ओळखलं.

"हे असं का रं?"

"माय, ती फॅशन आहे."

"बरी हाय." ती पुढच्या जागेवर बसली. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली. "चाल. पुढून."

गांगुर्ड्यांनी गाडी गावाला वळसा घालून वेशीकडे आणली आणि वेशीत ती थांबवली.

पुढची गल्ली रिकामी होती.

द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते. सगळा गाव बागांमध्ये गेला होता. दोन्ही बाजूंच्या दारांना कड्या होत्या. ओट्यांवर कोणी नव्हतं. एका ओट्यावर एक कुत्रं आडवं पडलं होतं, त्यानेही मान उचलली नाही. चावडीपर्यंत नुसतं ऊन होतं.

गांगुर्डे समोर पाहत राहिले.  जिच्यासाठी सगळं केलं ती शेजारी बसली होती आणि ज्यांना दाखवायचं ते कोणी नव्हते. मला वाटलं, आता ते गाडी वळवतील. म्हणतील, माय, संध्याकाळी येऊ.

"थांबला का?" मायने विचारलं. "गावाची येस आली ना?"

"आली."

तिने डोळे बारीक करून पाहायचा प्रयत्न केला. पुढे उजेड आहे एवढंच तिला दिसत असावं. "कोन कोन हाय रं?"

आयुष्यात कोणाचं बिनपुराव्याचं बोलणं खपवून न घेतलेला हा माणूस. त्याने त्या बंद दारांकडे पाहिलं.

"समदे हायेत, माय."

"थोरल्या आळीची?"

"ती बी हायेत."

"वट्यावर बसलीत?"

"बसली व्हती. आता उठलीत."

वहिनींनी तोंड बाहेर फिरवलं. मायने पदर सारखा केला, मग काठी बाजूला ठेवली आणि पाठ टेकायची सोडून ताठ बसली.

"मंग हळू चालव," ती म्हणाली. "लोकान्ला दिसू दे."

गांगुर्ड्यांनी पहिला गिअर टाकला. गाडी माणूस चालतो त्यापेक्षाही हळू निघाली. पेटी खालून मोठ्याने घुमत होती, तो आवाज भिंतींना आपटून परत येत होता, आणि गल्ली खरोखरच भरलेली असावी असं वाटत होतं. माय डावीकडे एकदा मान लववत होती, उजवीकडे एकदा. चावडी जवळ आली तशी गांगुर्ड्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढला आणि रिकाम्या ओट्याकडे पाहून तो वर केला, कोणाचा तरी नमस्कार परत करावा तसा.